पाचशे नंबरचं कपाट

(वाचनालयात 31 वर्षं ग्रंथपाल म्हणून काम केलेल्या बाई वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात. वाचनालयात विज्ञानाच्या पुस्तकांचा वर्गांक 500 पासून सुरू होतो, त्यावरून सदराचं नाव.)

प्रश्न : बाई, भूकंपावरचं एक जुनं पुस्तक हाती लागलं. त्यात लिहिलंय की दख्खनचं पठार स्थिर आहे, इथं मोठा भूकंप व्हायची शक्यता नसल्यातच जमा. माझी आजी किल्लारीच्या भूकंपात गेली. वाचून पुस्तक फेकून द्यावं वाटलं. असल्या पुस्तकांवर भरवसा तरी कसा ठेवायचा?
— एक वाचक, ता. औसा

फेकू नका. आधी पहिलं पान उलटून छपाईचं साल बघा. 1993 च्या आधीचं असणार, पैजेवर सांगते.

तुमची आजी गेली त्या पहाटे मी उदगीरला होते. 30 सप्टेंबर, 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. आमच्या मांडणीवरची भांडी खणखणली, तर सासूबाई झोपेतच म्हणाल्या, "मांजर असंल, हाकल तिला." दिवस वर आल्यावर एकेक बातमी यायला लागली. महिन्याभरानं वाचनालय नीट सुरू झालं तेव्हा मी पाचशेचं कपाट उघडलं आणि भूगर्भशास्त्राची होती नव्हती ती पुस्तकं काढून बसले. तुम्ही वाचलंत तेच वाक्य दोन पुस्तकांत सापडलं. दोन्ही पानांवर मी चिठ्ठी चिकटवली : "हे पान 30-9-1993 च्या आधीचं आहे." आमच्या कार्यकारिणीतले एक गृहस्थ रागावले. "बाई, छापलेल्या पुस्तकात तुम्ही दुरुस्त्या करायल्या?" मी म्हणाले, दुरुस्ती नाही, तारीख घातली.

ते वाक्य लिहिणारा खोटं बोलत नव्हता. त्या काळच्या भूकंपाच्या सरकारी नकाशात देशाचे पाच पट्टे होते आणि किल्लारीचा भाग पहिल्या पट्ट्यात होता, म्हणजे सगळ्यांत निर्धास्त. पुढं 2002 साली नकाशा सुधारला, तेव्हा पहिला पट्टा काढूनच टाकला. देशात 'इथं काहीच होणार नाही' असं लिहिलेला कोपरा उरला नाही. म्हणून पुस्तक घरी नेण्याआधी त्याचं साल बघायचं. आंबा घेताना आपण देठ हुंगतोच की.

मग इथं भूकंप झाला कसा, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणारच. शाळेत शिकवतात की भूपट्टांच्या, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या अवाढव्य तुकड्यांच्या, कडा जिथं एकमेकींवर घासतात तिथं भूकंप होतात. ते खरं आहे, पण अर्धं. आपला अख्खा भूपट्ट वर्षाला साधारण 5 सेंटिमीटर उत्तरेकडं सरकतो आणि हिमालयापाशी अडतो. तो दाब मधल्या भागातही साठत राहतो आणि खोलवर एखादी जुनी भेग असेल तर तिथं सुटतो. त्या भेगा वरून दिसत नाहीत, कारण त्यांच्यावर आपला काळा दगड पसरलेला. भूकंपानंतर किल्लारीजवळ शास्त्रज्ञांनी बोअर घेतलं, 617 मीटर. आपण पाचशे-सहाशे फूट बोअर मारून कोरडं गेलं की कपाळाला हात लावतो, हे दोन हजार फुटांचं. त्यात काळा दगड साधारण 338 मीटरवर संपला, थोडा गाळाचा थर लागला आणि खाली ग्रॅनाइट. आपण ज्याला जमीन म्हणतो ते नुसतं वरचं झाकण आहे, हे मला त्या आकड्यांनी समजलं. त्याआधी कितीतरी व्याख्यानं ऐकली होती.

आता एक सावधगिरीची गोष्ट. काही पुस्तकांत ठाम लिहिलेलं आढळेल की माकणीच्या निम्न तेरणा धरणानं हा भूकंप घडवला. दुसऱ्या काहींत तितक्याच ठामपणे नाही म्हटलेलं असेल. यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. 1967 च्या कोयनेच्या भूकंपाचा धरणाशी संबंध बहुतेकांना मान्य आहे, किल्लारीचा तसा नाही. 1992 पासून त्या भागात बारीक हादरे बसत होते ही नोंद मात्र दोन्ही बाजूंना मान्य आहे. जो लेखक समोरच्या बाजूचं म्हणणं नीट मांडून मग स्वतःचं सांगतो, तो मी आधी वाचते. मृतांचा आकडासुद्धा पुस्तकागणिक आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत सरकतो. तेव्हा आकड्याशेजारी तो कुणी मोजला हे दिलंय का, तेवढं बघावं.

आणि एक प्रकरण तुम्ही मुद्दाम शोधून वाचा. ते भूगर्भाच्या पुस्तकात सापडायचं नाही, बांधकामाच्या पुस्तकात सापडेल, म्हणजे 600 च्या कपाटात. भूकंप 6.2 चा. एवढ्या हादऱ्यात इतकी माणसं का गेली? आपली माळवदाची घरं आठवा. दोन-अडीच फुटांची दगडी भिंत, दगड मातीत रचलेले. बाहेरची बाजू वेगळी, आतली वेगळी, मधे गोटे आणि मुरूम भरलेला. दोन्ही बाजूंना आरपार धरून ठेवणारा लांब दगड बहुतेक भिंतींत नव्हताच. हादरा बसला की बाजू फुगून सुटतात. वर माळवदाची माती, आणि गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात तीवर आणखी एक थर. माझ्या माहेरी दादा दरसाल पांढरी माती चढवायचे आणि आई म्हणायची, घर कसं थंडगार राहतं. राहायचंच. पिढ्यान्‌पिढ्या आपण उन्हासाठी घर बांधलं, हादऱ्यासाठी नाही, कारण हादरा कुणाच्या आठवणीतच नव्हता. हे विज्ञान की समाजशास्त्र? मला वर्गांक द्यायला सांगितला तर मी आजही अडेन.

प्रश्न : मी कापसाचा शेतकरी, वय 27. बीटी कापसावर दोन पुस्तकं वाचली. एकात म्हटलंय की बीटीनं शेतकरी तारला, दुसऱ्यात म्हटलंय की बुडवला. खरं कोण?
— ता. मानवत, जि. परभणी

दादा, दोन्ही पुस्तकं समोरासमोर ठेवून आधी एवढंच बघा की कोण कोणत्या वर्षांबद्दल बोलतंय. बीटी म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार व्हावं असं केलेलं वाण, त्याला परवानगी मिळाली 2002 साली. पहिल्या काही हंगामांचे आकडे घेणाऱ्याला हिरव्या बोंडअळीवरची फवारणी घटलेली दिसणार. 2017 बघणाऱ्याला गुलाबी बोंडअळीनं पोखरलेली बोंडं दिसणार. त्या साली तुमच्या रानात काय झालं ते मी तुम्हाला काय सांगू! शिवाय आकडे बागायती कापसाचे आहेत की कोरडवाहू, हेही बघा. आपल्याकडं बहुतेक कापूस पावसावरचा, आणि पुस्तकातला सरासरी शेतकरी कुठला ते लेखक दर वेळी सांगतोच असं नाही.

दुसरं म्हणजे त्या बारक्या पुडीची गोष्ट पुस्तकात आहे का शोधा. 450 ग्रॅमच्या बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम बिगरबीटी बियाणं यायचं. ते कडेनं लावायचं, म्हणजे काही अळ्या विष न खाता वाढतात, त्यांचे पतंग झाले की बीटी पचवलेल्या अळ्यांच्या पतंगांशी त्यांचा संकर होतो आणि प्रतिकारशक्ती हळू पसरते. माझ्या भावाच्या शेतावर ती पुडी वर्षानुवर्षं बैलगोठ्याच्या वळचणीला पडलेली मी पाहिली आहे. "अळीला जेवू घालायला चार ओळी सोडू का?" हा त्याचा सवाल. एकट्याच्या हिशेबानं तो बरोबर होता. सगळ्या शिवारानं तोच हिशेब केला, हंगाम लांबवून फरदडही घेतली, आणि अळीला पिढ्यामागून पिढ्या आयतं रान मिळालं. जे पुस्तक फक्त कंपनीला किंवा फक्त शेतकऱ्याला दोष देतं, त्यानं ही पुडी उघडलेली नसते.

तुमच्या वडिलांकडं 2002 पासूनच्या बियाणं आणि औषधाच्या पावत्या असतील तर त्या पुस्तकाशेजारी ठेवून वाचा. नसतील तर त्यांना नुसतं विचारा. बाप माणूस भाव विसरत नसतो.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक. विज्ञानाची मराठी भाषांतरं वाचताना शब्दांवरच अडखळतो. दोष माझा की भाषांतराचा?
— केज, जि. बीड

सर, निम्मा-निम्मा. एका भाषांतरात मी वाचलं की दख्खनचा काळा दगड 66 लाख वर्षांपूर्वी लाव्हारसातून तयार झाला. खरा आकडा 6 कोटी 60 लाख. मिलियनचा लाख करून भाषांतरकार मोकळा झाला होता. एक मिलियन म्हणजे दहा लाख, एवढं पाठ ठेवलंत तरी निम्म्या चुका तुम्हीच पकडाल.

दुसरी अडचण आपल्याच शब्दांची. शेतात 'सेंद्रिय' म्हणजे रसायनाशिवाय. रसायनशास्त्रात 'सेंद्रिय' म्हणजे कार्बनची संयुगं, म्हणजे कीटकनाशकाची बाटलीही सेंद्रियच! बोलण्यात 'सिद्धांत' म्हणजे कुणाचंही मत, विज्ञानात मात्र पुराव्यावर टिकलेली मांडणी. शब्द अडला की मराठी विश्वकोश बघा. वाईहून निघालेले ते जाडजूड खंड आता फोनवर फुकट वाचता येतात. नोंदी जुन्या आहेत, साल बघायचं इथंही विसरू नका. आणि पुस्तक सलग वाचायचा हट्ट सोडा. परत आलेल्या पुस्तकांचे दुमडलेले कोपरे मी 31 वर्षं सरळ केले. विज्ञानाच्या पुस्तकात ते चाळिसाव्या पानापलीकडं क्वचितच असायचे. मागची सूची उघडा, 'पाणी' किंवा 'कापूस' शोधा, तिथून घुसा. सूचीच नसेल तर प्रकाशकाला पोस्टकार्ड टाका. मी टाकत असे. एकाचं उत्तरही आलं होतं.

प्रश्न : काकू, मी लातूरला नीटची तयारी करते. अवांतर वाचताना दिसले की आई म्हणते, यातून मार्क येणार आहेत का? काय सांगू तिला?
— अकरावीतली एक वाचक

बाळा, आईला सांग, नाही येणार. खोटं कशाला बोलायचं? क्लासच्या फीसाठी तिनं काय मोडलं असेल ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पण 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा तू लहान असशील. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आईला विचार, घागरीच्या रांगेत कोण उभं राहायचं आणि नंबर कितव्या दिवशी लागायचा. मग पाण्यावरचं एखादं पातळ पुस्तक आण आणि रविवारी दुपारी तिलाच दोन पानं वाचून दाखव. ती मधेच तोंड घालून "असं नव्हतं झालं" म्हणाली तर पुस्तक बाजूला ठेव आणि ती काय सांगते ते वहीत उतरून घे.

उदगीरला आलीस तर वाचनालयात चक्कर टाक. निवृत्त झाले तरी संध्याकाळी पाचनंतर मी तिथंच असते. सोमवारी नाही, सोमवारी बंद.