नातीची एसआयपी राहू द्या, आधी ती ‘एफडी’ रद्द करा

पत्र : वय ६१, सांगली. खासगी कारखान्यातून निवृत्त. फंड, ग्रॅच्युइटी मिळून ३६ लाख आले. पेन्शन ४,२०० रुपये, घरखर्च ३० हजार. नातीसाठी सुकन्या समृद्धी खातं काढू, की म्युच्युअल फंडात दरमहा १० हजारांची एसआयपी करू? ४ लाख बँकेतल्या मॅनेजरने चांगल्या एफडीत टाकून दिलेत. दरवर्षी ४ लाख असे १० वर्षं भरायचे, मग ७३व्या वर्षापासून १० वर्षं दरसाल ७.२ लाख. कागद १६ दिवसांपूर्वी टपालाने आले.

उत्तर : सुकन्याचं खातं आजोबांना काढता येत नाही, ते आईवडिलांनी किंवा कायदेशीर पालकांनी काढायचं. तुमचा प्रश्न इथे संपला. आता तुम्ही न विचारलेलं.

दरवर्षी हप्ता मागणारी एफडी नसते. ही आयुर्विम्याची पॉलिसी आहे. ४० लाखांचे ७२ लाख, म्हणजे ८० टक्के फायदा, असं तुम्हाला सांगितलं असणार. पण प्रत्येक ४ लाखांना ७.२ लाख व्हायला १२ वर्षं लागतात. ६ टक्क्यांनी १२ वर्षांत पैसे दुप्पट होतात. इथे तेवढेही होत नाहीत, म्हणजे परतावा जेमतेम ५ टक्के.

तोही हप्ते भरू शकलात तर. उरले ३२ लाख. पेन्शन वजा जाता घरखर्चाला वर्षाला ३.१ लाख लागतात, वर ४ लाखांचा हप्ता. ७ टक्के व्याज धरलं तरी सातव्या हप्त्याच्या वेळी खातं जवळपास रिकामं, आणि तुमचं वय ६७. पगार बंद झालेल्या माणसाच्या गळ्यात १० वर्षांचा हप्ता बांधणं याला मी गैरसमज म्हणणार नाही.

सुटका आहे. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवस ‘फ्री लूक’, म्हणजे ती रद्द करायची मुदत, असते. त्यात पैसे परत मिळतात. तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे, मुद्रांक शुल्क आणि वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च एवढंच कापतात. मात्र मुदत ईमेलवर पीडीएफ आली त्या दिवसापासूनही मोजली जाते. ईमेल आजच उघडा, आणि पॉलिसीच्या अर्जात ईमेलचा पत्ता तुमचाच घातलाय ना तेही बघा. पीडीएफ आठवडाभर आधी आली असेल तर हातात सातच दिवस आहेत.

रद्द करायचा अर्ज मॅनेजरकडे देऊ नका. तो ‘हप्ता कमी करून देतो’ म्हणत दिवस काढेल. विमा कंपनीच्या शाखेत स्वतः जा. पॉलिसी क्रमांक, ‘अटी मान्य नाहीत, फ्री लूकमध्ये रद्द करावी’ हे एक वाक्य, मूळ पॉलिसी, रद्द केलेला चेक, ओळखपत्राची प्रत. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या आणि त्याच दिवशी तेच कंपनीला ईमेलही करा. अर्जापासून ७ दिवसांत पैसे यायला हवेत. नकार आला तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. तिथेही नकार आला किंवा ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे. फी नाही, वकील लागत नाही. खात्री करायला कंपनीने केलेल्या फोनवर तुम्ही सगळ्याला ‘हो’ म्हणाला असाल. तसं म्हणायला शिकवूनच ठेवतात. तरी फ्री लूकला त्याने काही फरक पडत नाही.

घरी बोलला नसाल तर आज बोला. शाखेत मुलाला किंवा मुलीला सोबत न्या. एकट्या माणसाला टेबलापलीकडून पुन्हा गुंडाळणं सोपं जातं.

पैसे परत आले की ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, पोस्टात. सध्या ८.२ टक्के, म्हणजे दर तिमाहीला ६१,५००, महिन्याला २०,५००. पेन्शन धरून २४,७००. खर्चाला ५,३०० कमीच पडतात. ते उरलेल्या ६ लाखांच्या एफडीतून, खऱ्याखुऱ्या एफडीतून, काढायचे आणि आजारपणही त्यातच. यात १० हजारांची एसआयपी बसत नाही. हजाराचीही नाही. सुकन्याचं खातं नातीच्या आईवडिलांनी काढावं आणि भरावंही त्यांनीच.