चिनी लोकांचा पितृपक्ष कोणता?

प्रश्न : आमचा मुलगा नोकरीनिमित्त शांघायला असतो. एप्रिलच्या सुरुवातीला तिथे सुटी होती आणि लोक कबरींपाशी कागदी नोटा जाळत होते, असे त्याने कळवले. हा त्यांचा पितृपक्ष समजावा का? पुढच्या वर्षी एका सहकाऱ्याने त्याला सोबत बोलावले आहे. जाताना त्याने काय न्यावे?
– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : मुलाने पाहिला तो छिंगमिंगचा दिवस. तो तिथीवर नव्हे तर सूर्यावर ठरतो, वसंतसंपातानंतर सुमारे पंधरा दिवसांनी येतो, म्हणून इंग्रजी तारीख ४ किंवा ५ एप्रिलच्या आसपासच राहते. २००८ पासून चीनमध्ये त्याची सार्वजनिक सुटी असते. आपले श्राद्ध तिथीला बांधलेले आहे, ते ओंकारेश्वराच्या घाटावर करा किंवा घरी. छिंगमिंग मात्र कबरीला बांधलेला आहे. घरची मंडळी तिथे जाऊन गवत उपटतात, दगड पुसतात, काही भागांत कोरलेल्या अक्षरांत पुन्हा रंग भरतात, मग फळे, चहा, मद्य ठेवून उदबत्त्या लावतात. कागदी नोटा परलोकात खर्चाला उपयोगी पडाव्यात म्हणून जाळतात, पण आग आणि धूर यांमुळे अनेक शहरांत आता त्यावर निर्बंध असून लोक फुले वाहतात. शांघायकडे या दिवसांत तांदळाच्या चिकट पिठात हिरव्या पाल्याचा रस मिसळून, आत लाल चवळीसारख्या कडधान्याचे गोड पुरण भरून, उकडलेले हिरवे गोळे करतात. आपल्या उकडीच्या मोदकाचीच आठवण व्हावी असा हा प्रकार आहे.

पितृपक्षाच्या अधिक जवळचा दिवस मात्र वेगळा आहे, आणि माझ्या मते त्याची कथा आपण मुद्दाम जाणून घ्यावी. तो म्हणजे चिनी सातव्या महिन्याची पौर्णिमा; ती पुष्कळदा आपल्या नारळी पौर्णिमेच्या सुमारास येते. बुद्धाचा शिष्य मौद्गल्यायन, ज्याला चिनी लोक मूलिएन म्हणतात, याला आपली आई प्रेतयोनीत उपाशी असलेली दिसली. त्याने भाताचे पात्र पुढे केले, पण घास तोंडाशी जाण्याआधीच त्याचे निखारे झाले. तेव्हा एकट्याच्या पुण्याने हे होणार नाही, वर्षावास, म्हणजे भिक्षूंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, संपताना साऱ्या भिक्षुसंघाला अन्नदान कर, असे बुद्धाने त्याला सांगितले. म्हणूनच त्या दिवशी केवळ आपल्या पूर्वजांनाच नव्हे, तर ज्यांना जेवू घालणारे कोणी उरलेले नाही अशा मृतांनाही अन्न ठेवतात, आणि कित्येक ठिकाणी त्यांना वाट दिसावी म्हणून पाण्यात कागदी दिवे सोडतात. आपल्या तर्पणातही अपत्यहीन, बांधवहीन मृतांसाठी पाणी सोडण्याचा मंत्र आहे.

मुलाने अवश्य जावे. असे बोलावणे घरच्यासारखे मानल्याशिवाय येत नाही. त्याने साधे, फिक्या रंगाचे कपडे घालावेत, ‘शुभेच्छा’ असे काही म्हणू नये आणि पांढरी किंवा पिवळी शेवंती न्यावी. तीच शेवंती एरवी कुणाच्या घरी भेट म्हणून मात्र नेऊ नये, कारण तिथे ती मृतांना वाहण्याचे फूल मानली जाते.