वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे : द व्हिलेजेसमधली गोल्फ कार्ट

फ्लोरिडाच्या मध्यभागी पसरलेली 'द व्हिलेजेस' ही निवृत्तांची अमेरिकेतली सर्वांत मोठी वसाहत. 2010 ते 2020 या दशकात तो त्या देशातला सर्वांत वेगाने वाढलेला महानगरी भाग ठरला. भाजी आणणे, दवाखाना, पोहण्याचा तलाव, संध्याकाळचे चौकातले गाणे-बजावणे, सगळीकडे तिथली माणसे गोल्फ कार्टने जातात. नातेवाइकांकडे जाणाऱ्या आणि तिथेच स्थायिक झालेल्या वाचकांनी विचारलेले प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : मेहुण्यांकडे दोन महिने राहायला जात आहोत. माझ्याकडे पुण्याचा वाहन परवाना आहे, पत्नीकडे नाही. आम्हाला त्यांची कार्ट चालवता येईल का? (एक वाचक, पुणे)

आधी मेहुण्यांना विचारा, गाडी नेमकी कोणती आहे. दिसायला सारखी असली तरी कायद्याच्या नजरेत ती दोन वेगळी वाहने आहेत.

पहिली साधी गोल्फ कार्ट. तिचा वेग ताशी 20 मैल, म्हणजे 32 किलोमीटरच्या वर जाता कामा नये. तिला नंबरप्लेट नसते आणि विमा सक्तीचा नाही. दुसरी 'लो-स्पीड व्हेइकल', बोलीत एलएसव्ही. ती 20 ते 25 मैल वेगाने धावते. तिला नोंदणी, नंबरप्लेट, विमा, सीटबेल्ट, पुढची काच, आरसे, दिवे, इंडिकेटर सगळे लागते, आणि चालवणाऱ्याकडे वैध वाहन परवाना असावाच लागतो. 35 मैलांपर्यंत वेगमर्यादा असलेल्या रस्त्यांवर ती जाऊ शकते. साधी कार्ट फक्त प्रशासनाने कार्टसाठी खुल्या केलेल्या रस्त्यांवर आणि कार्टच्या मार्गांवर चालते.

फ्लोरिडात 1 ऑक्टोबर 2023 पासून सार्वजनिक रस्त्यावर साधी कार्ट चालवणाऱ्या 18 वर्षांवरील माणसाजवळ सरकारी छायाचित्र-ओळखपत्र असणे बंधनकारक आहे. त्याहून लहानांना शिकाऊ किंवा पक्का परवाना लागतो. म्हणजे तुमच्या पत्नी पासपोर्ट जवळ ठेवून साधी कार्ट कायदेशीररीत्या चालवू शकतात, एलएसव्ही मात्र नाही. तरी ज्यांनी आयुष्यात चारचाकी चालवलेली नाही त्यांनी थेट रस्त्यावर जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आधी मोकळ्या वाहनतळावर सरळ जाणे, ठरल्या रेषेवर थांबणे, मागे घेणे आणि अरुंद वळण हे चार प्रकार हात बसेपर्यंत करा.

जुनी कार्ट घेताना कुणी 'थोडा वेग वाढवून देतो' म्हणाले, तर नको म्हणा. 20 मैलांच्या वर पळणारी कार्ट ही कायद्याने गोल्फ कार्ट राहत नाही. नोंदणीशिवाय ती रस्त्यावर आणली तर दंड होतोच, पण अपघात झाला तर विमा कंपनी त्याच मुद्द्यावर हात वर करू शकते.

आणखी एक गोष्ट मेहुण्यांच्या हिताची. फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये 'माइस्टर विरुद्ध फिशर' खटल्यात गोल्फ कार्टला मोटारीप्रमाणेच धोकादायक साधन मानले. त्यामुळे मालकाने खुशीने कार्ट दुसऱ्याच्या हाती दिली आणि त्याच्या चुकीने कुणी जखमी झाले, तर मालकावरही जबाबदारी येते. म्हणून तुम्ही पोचण्याआधीच त्यांनी आपल्या विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे : पाहुण्याने कार्ट चालवली तर पॉलिसी लागू राहते का? विमा सक्तीचा नसला तरी तो घेतलेला असावा. तुमच्या प्रवास विम्यात कार्टवरील इजा वगळलेली नाही ना, हेही निघण्यापूर्वी पाहा. आणि दारू पिऊन कार्ट चालवणे हा मोटारीइतकाच गुन्हा आहे. चौकातल्या कार्यक्रमाहून परतताना हे विसरू नये.

प्रश्न : जन्मभर डाव्या बाजूने गाडी चालवली. तिथल्या गोल चौकांची धास्ती वाटते. (एक वाचक, ठाणे)

धास्ती योग्य आहे, कारण तिथे चौक बहुतेक राउंडअबाउटचे आहेत आणि फिरण्याची दिशा आपल्या उलट आहे. वाहने घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने फिरतात आणि आत आधीच फिरत असलेल्याला, म्हणजे तुमच्या डावीकडून येणाऱ्याला वाट द्यायची असते. आपली मान सवयीने आधी उजवीकडे वळते, चूक होते ती तिथेच. पहिले काही दिवस तिथला जाणता नातेवाईक शेजारी बसवा आणि प्रत्येक चौकापाशी 'डावीकडे' हा शब्द मोठ्याने म्हणा.

वसाहतीच्या जुन्या, उत्तरेकडच्या भागात काही रस्त्यांच्या कडेला कार्टसाठी वेगळी पट्टी आखलेली आहे. ही पट्टी राउंडअबाउटच्या अलीकडे संपते आणि कार्टला मोटारींच्या लेनमध्ये मिसळावे लागते. पट्टी संपेपर्यंत वाट पाहू नका. आधीच आरशात पाहा, इंडिकेटर द्या, मोकळी जागा दिसली की लेनच्या मधोमध या. कडेला चिकटून चालले की मागचा मोटारवाला शेजारून घुसायला बघतो. उजवीकडे किंवा सरळ जायचे असेल तर उजवी लेन, डावीकडे जायचे किंवा उलट फिरायचे असेल तर डावी. आत शिरल्यावर लेन बदलू नका. बाहेर पडण्याची वाट चुकली तर पुन्हा एक फेरी मारा, त्यात काही बिघडत नाही.

दक्षिणेकडच्या नव्या भागात कार्ट, सायकली आणि चालणारे यांचा सामाईक मार्ग रस्त्यापासून वेगळा काढलेला आहे. मोठ्या रस्त्यांखालून बोगदे आहेत, महामार्गांवरून कार्टसाठी पूल आहेत. नवख्याने याच मार्गाने सुरुवात करावी. बोगद्यात शिरताना उन्हातून एकदम अंधारात गेल्यामुळे डोळ्यांना दोन-तीन क्षण काही दिसत नाही, आणि समोर चालणारा माणूस नेमका तिथे सावलीला थांबलेला असतो. तोंडापाशीच वेग कमी करा, दिवे लावा.

कार्टचे इंडिकेटर बहुधा मोटारीसारखे वळणानंतर आपोआप बंद होत नाहीत. आठवणीने बंद करा. उजवा दिवा लुकलुकत राहिला तर समोरच्याला वाटते तुम्ही वळणार, आणि तो पुढे घुसतो.

ब्रेकबद्दल नीट समजून घ्या. बहुतेक कार्टना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात. उतारावर ब्रेक दाबला की भार पुढच्या चाकांवर सरकतो, मागची चाके हलकी होतात आणि ओल्या रस्त्यावर घसरतात. त्यात कार्ट उंच, अरुंद आणि दारांविना. वळणात बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो : ताशी 32 किलोमीटरऐवजी 16 ने वळलात तर तो चौथाई होतो. म्हणून ब्रेक सरळ रस्त्यावर, वळण सुरू होण्याआधी दाबायचा. वळणात दाबायचा नाही. डावीकडच्या वळणावर विशेष जपा, कारण चालक डाव्या आसनावर असतो आणि शेजारचा माणूस उजव्या उघड्या बाजूने बाहेर फेकला जातो. वळण्याआधी 'धरून बसा' एवढे सांगायला हवे. टायरमधली हवा साधारण 18 ते 22 पीएसआय ठेवा. एका बाजूला कमी झाली की कार्ट ओढली जाते.

प्रश्न : नातवंडे 4 आणि 7 वर्षांची आहेत. मागच्या, उलट्या तोंडाच्या आसनावर बसवली तर चालेल का? (एक आजी, नाशिक)

4 वर्षांच्या बाळाला नाही. त्या आसनाला बहुधा एक दांडा आणि पाय ठेवायची फळी असते. लहान मुलाचे पाय फळीपर्यंत पोचत नाहीत, दांडा हाताला जाड पडतो आणि कार्ट झटक्याने सुटली की मूल सरळ रस्त्यावर पडते. 7 वर्षांच्या मुलालाही पुढे तोंड असलेल्या आसनावर, पट्टा लावून, मोठ्या माणसाच्या आतल्या बाजूला बसवा. मांडीवर घेऊन बसणे नको, कारण धक्क्यात आजीचे हात पुरत नाहीत. बेल्ट नसलेली कार्ट असेल तर पट्टे बसवून घेता येतात. तेवढा खर्च कराच.

तुम्ही साडी नेसत असाल तर पदर कमरेला खोचा आणि ओढणी असेल तर गाठ मारून ठेवा. बाजू उघडी असते, मागचे चाक आसनाला लागून असते. आपल्याकडे दुचाकीवर होणारे अपघात तिथेही होऊ शकतात.

आणि एक नियम आधीच माहीत असू द्या : 19 वर्षांखालील पाहुण्यांना या वसाहतीत वर्षाला 30 दिवसांपर्यंतच राहता येते. सुट्टीची आखणी त्यानुसार करा.

प्रश्न : बाबांनी पाच वर्षे जुनी 48 व्होल्टची कार्ट घेतली. आता दुपारनंतर चढावर दम टाकते. दुकानदार म्हणतो एक बॅटरी बदला. (एक वाचक, टॅम्पा)

एक बदलू नका, आधी मोजा. 48 व्होल्टच्या कार्टमध्ये 8 व्होल्टच्या सहा किंवा 12 व्होल्टच्या चार शिसे-आम्ल बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. पूर्ण चार्ज करून, चार्जर काढून, रात्रभर तशीच ठेवा आणि सकाळी मीटर लावा. चांगला संच 50.5 ते 51 व्होल्ट दाखवतो. 48.4 च्या आसपास असेल तर तो निम्माच भरलेला आहे. मग सुट्या बॅटऱ्या मोजा. 8 व्होल्टच्या प्रत्येकीत 8.4 ते 8.5 यायला हवेत. वीसेक मिनिटे फिरवून आल्यावर पुन्हा मोजा. जी बाकीच्यांपेक्षा अर्धा व्होल्ट किंवा त्याहून खाली उतरली, ती दोषी. खात्रीसाठी हायड्रोमीटरने, म्हणजे आम्लाची घनता मोजणाऱ्या नळीने, प्रत्येक कप्प्याचे विशिष्ट गुरुत्व पाहा. कप्प्याकप्प्यात 0.050 पेक्षा जास्त फरक म्हणजे तो कप्पा गेला.

पाच वर्षांच्या संचात एक नवी टाकली तर ती जुन्यांबरोबर नीट चार्ज होत नाही आणि लवकरच त्यांच्याच पातळीवर येते. एवढ्या वयात पूर्ण संच बदलणेच स्वस्त पडते. पण बदलण्याआधी जोडण्या तपासा. गंजलेले टर्मिनल किंवा गरम होणारी तार हेही 'दम टाकण्या'चे कारण असते, आणि ते काही रुपड्यांत सुटते.

घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीला पाणी घालता तसेच इथेही महिन्यातून एकदा पाहायचे, उन्हाळ्यात दोनदा. फक्त डिस्टिल्ड पाणी. आधी चार्ज करा, मग भरा, कारण चार्ज होताना पाणी फुगते आणि आधीच काठोकाठ भरले तर आम्ल उतू जाऊन खालची चौकट खाते. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र चार्जआधी प्लेटा बुडतील इतकेच घाला, बाकी नंतर. शेवटची पातळी भरण्याच्या तोंडाच्या नळीच्या खालच्या टोकापासून 3 मिलिमीटर खाली. सांडलेल्या आम्लावर लिटरभर पाण्यात तीन-चार मोठे चमचे खाण्याचा सोडा विरघळवून टाका, फेस थांबला की धुवा.

काम करताना हातातल्या बांगड्या, अंगठी, घड्याळ काढा, गळ्यातले लोंबणारे दागिनेही. धातूने दोन टर्मिनल जोडली गेली तर क्षणात भाजते. 'रन-टो' खटका (कार्ट चालवण्यासाठी 'रन', ओढून नेण्यासाठी 'टो') टोवर करा. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून गॅरेजचे दार थोडे उघडे ठेवा आणि जवळ उदबत्ती, दिवा काही नको.

लिथियम संच बसवायचा असेल तर चार्जर बदलावाच लागतो, शिसे-आम्लाचा चालत नाही. सहा 8 व्होल्टच्या बॅटऱ्यांचे वजन सुमारे 170 किलो होते, लिथियमचा संच त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, आणि पाणी घालायची कटकट नाही. बाबा स्वतः वाकून पाणी भरू शकत नसतील तर आम्ही लिथियमच सुचवू. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला रोज जाणाऱ्यांत मात्र पेट्रोलच्या कार्ट जास्त दिसतात, कारण रेंजची चिंता नसते. त्या बंद गॅरेजमध्ये कधीही सुरू ठेवू नयेत.

प्रश्न : तिथून टॅव्हेअर्सच्या 'शांतिनिकेतन'मध्ये मित्राकडे कार्टने जाता येईल का? (एक वाचक, कोल्हापूर)

नाही. भारतीय निवृत्तांची ती वसाहत शेजारच्याच लेक काउंटीत (जिल्ह्यात) असली तरी मधला रस्ता यूएस 441 सारख्या वेगवान महामार्गाचा आहे. तिथे कार्ट आणि एलएसव्ही दोन्हीला बंदी. मोटारीने जा.

प्रश्न : पावसात अडकलो तर? (एक वाचक, डोंबिवली)

उन्हाळ्यात फ्लोरिडात दुपारी जवळपास रोज विजा चमकतात. उघडी कार्ट विजेपासून मुळीच वाचवत नाही, प्लॅस्टिकचे पडदे लावले तरी नाही. गडगडाट ऐकू आला की जवळच्या पक्क्या इमारतीत जा. झाडाखाली किंवा उघड्या छपराखाली थांबू नका. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर 30 मिनिटे बाहेर पडू नका. सूर्यास्तानंतर रस्त्यावर कार्ट न्यायची तर पुढचे दिवे, ब्रेकचे दिवे, इंडिकेटर आणि पुढची काच सक्तीची आहे.

प्रश्न : आम्ही हिवाळ्यात तीन महिने भारतात येतो. कार्ट कशी ठेवावी? (एक दांपत्य, द व्हिलेजेस)

शिसे-आम्लाची असेल तर पाणी पाहून पूर्ण चार्ज करा, टर्मिनल पुसा, खटका टोवर ठेवा आणि शेजाऱ्याकडे किल्ली द्या. महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करून पुन्हा सॉकेटमधून काढायला सांगा. सतत जोडून ठेवू नका, कारण वादळी विजेच्या झटक्याने चार्जर जळू शकतो. रिकाम्या अवस्थेत ठेवलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर कठीण थर बसतो आणि तो परत सुटत नाही. लिथियम निम्म्याहून थोडी जास्त भरून तिचा मुख्य खटका बंद करा. टायरमध्ये दोन-तीन पीएसआय हवा जास्त भरा, किल्ली काढा. पार्किंग ब्रेक मात्र तीन महिने ओढून ठेवू नका, तो अडकून बसतो. चाकांना लाकडी पाचरी लावा.