कोलनवॉटरमधलं ‘कोलन’

प्रश्न असा आहे: कोलनवॉटरमधलं ‘कोलन’ म्हणजे जर्मनीतलं शहरच ना? मग जर्मन लोक त्या शहराला ‘क्योल्न’ का म्हणतात?

हो, शहरच. इटलीहून आलेल्या योहान मारिया फरीनाने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे बनवलेल्या सुगंधी पाण्याला ‘ओ द कोलोन’ हे फ्रेंच नाव पडलं. ‘ओ’ म्हणजे पाणी. ताप चढला की आई ज्यात रुमालाची घडी भिजवून कपाळावर ठेवायची, ते हेच, कोलोनचं पाणी.

आता शहराचं नाव. ऱ्हाईनकाठची ही वस्ती रोमन सम्राट क्लॉडियसची बायको अग्रिपिना हिचं जन्मगाव. इ.स. ५० मध्ये तिच्यामुळे वस्तीला ‘कोलोनिया’चा दर्जा मिळाला आणि ‘कोलोनिया क्लॉडिया आरा अग्रिपिनेन्सियम’ असं लांबलचक नाव पडलं. रोजच्या बोलण्यात एवढं कोण म्हणणार? पुढे उरला नुसता ‘कोलोनिया’.

लॅटिनमध्ये त्याचा उच्चार करताना जोर ‘लो’वर. जर्मनभाषकांची सवय मात्र पहिल्या अक्षरावर जोर देण्याची. जोर पहिल्या अक्षरावर सरकला तसा मधला स्वर दुबळा होऊन गळाला, आणि मागून येणाऱ्या ‘इ’ने पहिल्या ‘ओ’ला आपल्याकडे ओढलं. त्यातून आला तो मराठीत नसलेला स्वर. ओठ ‘ओ’सारखे गोल ठेवून ‘ए’ म्हणून पाहा, तो जमेल. देवनागरीत ‘क्यो’ लिहितो ती नाइलाजाची सोय. मूळ उच्चारात ‘य’ अजिबात नाही. फ्रेंचांनी जोर ‘लो’वरच ठेवला, म्हणून त्यांचं ‘कोलोन’ झालं. इंग्रजीने तेच उचललं आणि तिथून ते आपल्या औषधांच्या कपाटात आलं.

मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती ‘कोलोनिया’चा अर्थ. ‘कोलेरे’ म्हणजे जमीन कसणं, ‘कोलोनस’ म्हणजे कसणारा, आणि ‘कोलोनिया’ म्हणजे अशा लोकांची नवी वसाहत. निवृत्त रोमन सैनिकांना जमिनी देऊन अशा वसाहती उभ्या राहत. आपली ‘कॉलनी’ इंग्रजीतून आली ती याच शब्दापासून. इंग्लंडमधल्या लिंकन शहराच्या नावाच्या शेपटीतही तोच ‘कोलोनिया’ आहे: ‘लिंडम कोलोनिया’. भाषाशास्त्रज्ञ ‘कोलेरे’चं नातं संस्कृत ‘चर्’ धातूशीही जोडतात.

विरामचिन्हातला ‘कोलन’ मात्र ग्रीक, त्याचा या शहराशी काही संबंध नाही.