डार्ट फ्रॉग मागवण्याआधी

प्रिय मित्रा,

जर्मनीतून डेंड्रोबेट्स टिंक्टोरियस या डार्ट फ्रॉगची, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या रंगीत विषारी बेडकाची, सहा पिल्लं आणून पुण्यात पैदास करायची, असा तुझा बेत आहे. विषाची चिंता सोड. ते विष रानातल्या मुंग्या आणि माइट्स (कोळ्यांच्या कुळातले बारीक जीव) खाऊन अंगात साठतं. फळमाश्यांवर वाढलेल्या पिल्लांत नसतंच. कायद्यालाही विषाशी देणंघेणं नाही. प्राणी कुठून आला आणि हातोहात कसा गेला, याचा सलग पुरावा त्याला हवा असतो.

‘परदेशी जनावराला आपला वन्यजीव कायदा लागू नाही’ असं काही विक्रेते अजून ठोकून देतात. १ एप्रिल २०२३ ला २०२२ ची दुरुस्ती अमलात आली आणि ती पळवाट बुजली. डार्ट फ्रॉगचे डेंड्रोबेट्स, फिलोबेट्स हे वंश १९८७ पासून साइटीसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट दोनमध्ये आहेत, आणि त्या परिशिष्टांतले प्राणी आता आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आलेत. कलम ४९ एम नुसार असा जिवंत प्राणी बाळगणं, दुसऱ्याला देणं किंवा त्याची पैदास करणं नोंदणीशिवाय चालत नाही. ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर अर्ज करायचा. आधीपासून पाळलेल्या प्राण्यांसाठी दिलेली सहा महिन्यांची मुदत ऑगस्ट २०२४ मध्येच संपली. तेव्हा इथला कुणी ‘घेऊन जा, कागद मागाहून करू’ म्हणाला, तर पैसे खिशातच राहू देत.

आयातीत घोळ होतो तो क्रमाचा. आधी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचं ना-हरकत पत्र (आपल्याकडे हे कार्यालय नागपूरला), मग डीजीएफटीचा (केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाचा) आयात परवाना. तो हाती आल्यावरच जर्मन पाळणाऱ्याला साइटीस निर्यात परवान्यासाठी अर्ज करायला सांग. त्याची मुदत जास्तीत जास्त सहा महिने असते. तो आधी काढला तर इथली फाइल फिरेपर्यंत बाद होईल. परवान्यावर शास्त्रीय नाव, संख्या आणि स्रोताचं अक्षर नीट वाच. ‘सी’ म्हणजे बंदिवासातली, पुढच्या पिढ्यांपर्यंत टिकणारी पैदास. ‘एफ’ म्हणजे बंदिवासात जन्मलेला, पण त्या निकषात न बसणारा. ‘डब्ल्यू’ म्हणजे रानातून पकडलेला. भाजीवाल्यानं फुकट टाकलेल्या कोथिंबिरीसारखा सातवा बेडूक पेटीत आला, तर अडचणीत तूच येशील. प्रवासी बॅगेतून आणायचा विचारही नको.

जात निवडताना तिचा मूळ देशही बघ. ॲडेल्फोबेट्स गॅलॅक्टोनोटस हा डार्ट फ्रॉग दिसायला झकास, पण तो ब्राझीलचा आणि ब्राझील असे बेडूक छंदासाठी बाहेर जाऊ देत नाही. युरोपात जन्मलेल्या पिल्लाचे आजोबा चोरून आणलेले असतील, तर वरचा ‘सी’ पोकळ ठरतो. ऊफागा हा डार्ट फ्रॉगचाच आणखी एक वंश; त्याच्या कोलंबियातल्या जातींसाठी तेसोरोस दे कोलोंबियासारखा परवानाधारक पैदासकार आहे. तसं मूळ दाखवता येत नसेल, तर त्या वाटेला जाऊ नकोस. शिवाय ऊफागाची मादी टॅडपोलना (पाण्यातल्या शेपटीवाल्या पिल्लांना) स्वतःची अंडी खाऊ घालते. नवख्यानं त्यात पडू नये. टिंक्टोरियस बरा.

पैदास सुरू झाली की वही ठेव: अंडी कधी घातली, कधी फुटली, पिल्लू पाण्याबाहेर कधी आलं. टॅडपोल एकमेकांना खातात, म्हणून प्रत्येकाला वेगळा कप. जमिनीवर यायला साधारण दोन-तीन महिने लागतात. नोंदीसाठी जन्म नेमका कुठून धरायचा, टॅडपोलपासून की पिल्लापासून, हे वनविभागाला आधीच लेखी विचारून घे. एवढ्या पिल्लात मायक्रोचिप बसत नाही, पण पाठीवरची नक्षी प्रत्येकाची निराळी असते. वरून एकाच अंतरावरून फोटो काढ, आणि रंग स्थिरावल्यावर पुन्हा काढ. मित्राला फुकट दिलेलं पिल्लूही हस्तांतरच. मेलेला बेडूक न कळवता पुरलास, तर पुढच्या तपासणीत तो विकल्याचा संशय येईल.

नवे बेडूक किमान महिनाभर वेगळे ठेव आणि बेडकांचा जीव घेणाऱ्या कायट्रिड बुरशीसाठी स्वॅबची पीसीआर चाचणी करून घे. त्यांच्या टाकीतलं पाणी ब्लीच घालूनच मोरीत सोड, बागेत किंवा नाल्यात नको. सह्याद्रीतल्या बेडकांना ती बुरशी आपल्या टाकीतून जायला नको.

तुझा,
एक जुना बेडूकवेडा