डायनिंगच्या खुर्च्यांच्या सीट घरी बदलता येतील का?

प्रश्न : ताई, आमचं डायनिंग टेबल सागवानी आहे, आईनं १९९८ मधे सुताराकडून करून घेतलेलं. लाकूड ठणठणीत, पण मधे एकदा बदललेल्या रेक्झीनचे आता पापुद्रे निघतायत, जेवून उठलं की ड्रेसला काळे तुकडे चिकटलेले. सीट मधे खोलगट पण झाल्यात. सोफावाल्यानं सांगितलेला आकडा ऐकून गप्प घरी आले. स्वतः करायला जमेल का, आणि कापड किती घेऊ?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : जमेल हो, आरामात. खुर्ची उलटी करून बघा, बहुतेक चार कोपऱ्यांत चार स्क्रू दिसतील, ते काढले की प्लायसकट सीट हातात येते. पण त्याआधी सीटला आणि तिच्या खुर्चीला खालून पेन्सिलीनं एकच नंबर टाका. सुतारानं भोकं हातानं पाडलेली असतात, एकीची सीट दुसरीला बसेलच असं नाही. मी एकदा सहाच्या सहा एकदम काढून बसले आणि अख्खी संध्याकाळ जोड्या लावण्यात गेली.

जुन्या रेक्झीनला पिना किंवा चुका मारलेल्या असतील (खिळ्यातल्या चुका, सुताराच्या नव्हे). चपट्या स्क्रूड्रायव्हरनं उचकटायच्या, पकडीनं ओढायच्या, आणि पायात चप्पल ठेवा. सगळ्यात कंटाळवाणं काम हेच.

फोम मात्र नवीनच घ्या. सीट खोलगट झालीय ती फोम बसल्यामुळे, वर कितीही भारी कापड लावलं तरी सुरकुत्या पडणारच. ४० डेन्सिटीचा २ इंची मागा, दुकानदार हलका मऊमऊ दाखवतो तो हाताला छान लागतो पण माणूस बसला की खाली प्लाय टोचतो.

कापडाचा हिशोब असा, सीट १८ बाय १८ ची धरली तर प्रत्येक बाजूला फोमचे २, प्लायचा अर्धा आणि खाली मुडपायला १, म्हणजे साडेतीन इंच जास्त, तुकडा २५ बाय २५ चा. सोफ्याचं कापड साधारण ५४ इंच पन्ह्याचं येतं, एका रांगेत दोन तुकडे, तीन रांगांचे ७५ इंच, २ मीटरमधे सहाही खुर्च्या निघतात. मोठी फुलं किंवा पट्टे असतील तर जुळवायला जास्त लागेल. परत रेक्झीनच घ्यायचं मनात असेल तर पीयूवालं (पॉलीयुरेथेनचा थर असलेलं) नको, आपल्याकडच्या दमट हवेत त्याचा वरचा थर सुटत जातो.

आता खरी मेख. कापड पालथं अंथरा, त्यावर फोम, त्यावर प्लाय. चारही बाजूंना आधी मधोमध एकेकच पिन मारा, सीट सुलटी करून कापड सरळ आहे का बघा, आणि मग मधून कोपऱ्यांकडे सरका, थोडं या बाजूला थोडं समोरच्या. एक बाजू पूर्ण मारून टाकली आणि मग समोरून ओढलं की कापड तिरकं झालंच म्हणून समजा. कोपरे शेवटी, साडीच्या निऱ्यांसारख्या दोन-तीन बारीक चुण्या, त्या खालच्या बाजूलाच राहू देत. ऑफिसचा स्टेपलर इथे कामाचा नाही, टॅकर गन आणा, पिना ८ एमएमच्या. स्क्रूच्या भोकावर कापड आलं असेल तर तेवढं कात्रीनं उघडा, नाहीतर स्क्रूबरोबर कापड पिळत जातं.

पहिली खुर्ची भिंतीकडची घ्या, जिच्यावर कोणी बसत नाही.

प्रश्न : हौसेनं क्रीम कापड लावलं आणि चौथ्या दिवशी आमटी सांडली. साबण लावला तर डाग लालच झाला!
– एक वाचक, सातारा

उत्तर : घाबरू नका, हळदीला साबण लागला की ती लाल होते, नीट पाण्यानं पुसून घेतलं की परत पिवळी. तेल साबणानं जाईल, पिवळा रंग उन्हानं उडतो. चार स्क्रू काढा आणि सीट दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा. आणि क्रीम का हो, आमटीच्या टेबलाला?