उपाशी मेंदूशी वाद घालू नका

प्रश्न : आम्ही बरीच वर्षं परदेशात राहतो. आमची सोळा वर्षांची मुलगी सहा महिन्यांपासून जेवण टाळते आहे. आधी गोड सोडलं, मग तळलेलं, आता रात्रीचं जेवणच नको म्हणते. ‘शाळेतून खाऊन आले’ हे रोजचं उत्तर. घरातही स्वेटर घालून बसते. तीन महिने पाळी आलेली नाही. अभ्यासात मात्र पहिल्यासारखीच हुशार आहे. तिचे बाबा म्हणतात, वयाचा भाग आहे, होईल आपोआप ठीक. मी समजावते, रागावते, रडतेसुद्धा, उपयोग शून्य. आमचं काही चुकलं का? आणि भारतात घरच्यांना हे कसं सांगायचं?

उत्तर : ताई, सगळ्यात आधी याच आठवड्यातली डॉक्टरांची वेळ घ्या. पुढचं सगळं नंतर वाचलंत तरी चालेल. खाणं इतकं कमी झाल्यावर पाळी थांबते आणि सतत थंडी वाजते, तेव्हा शरीर ऊर्जा वाचवायला लागलेलं असतं. निदान डॉक्टरच करतील, पण तुमचं वर्णन अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होझाशी, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडत जाण्याच्या आजाराशी, इतकं जुळतं की ‘अजून महिनाभर बघू’ असं म्हणायला मी धजणार नाही.

हे तिच्या बाबांनाही वाचायला द्या. चिडचिड, खोलीचं दार लावून बसणं, घरच्यांपेक्षा मैत्रिणी जवळच्या वाटणं, हा वयाचा भाग झाला. पाळी बंद होणं त्यात बसत नाही. चांगल्या मार्कांवरही विसंबू नका. या आजारातली कितीतरी मुलं प्रकृती पार ढासळेपर्यंत उत्तम मार्क मिळवत राहतात, त्यामुळे शाळेच्या लक्षातच येत नाही.

आता तुमच्या समजावण्याबद्दल. १९४४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी एक प्रयोग सुरू केला. युद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा खाऊ घालावं ते कसं, हे त्यांना शोधायचं होतं. लढायला नकार दिलेले ३६ तरुण स्वखुशीने त्यात सामील झाले. शरीराने आणि मनाने निरोगी असलेलेच निवडले होते. साधारण सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवलं आणि त्यांचं वजन जवळजवळ पाव हिश्श्याने घटलं. त्यांच्यात झालेले बदल वाचताना तुम्हाला तुमची मुलगी दिसेल. त्यांना उन्हाळ्यातही थंडी वाजायची. समोरचं थोडंसं अन्न ते तुकडे करकरून खूप वेळ पुरवत बसायचे. दिवसभर डोक्यात खाण्याचेच विचार; काहींनी तर पाककृतींची पुस्तकं जमवायला सुरुवात केली. लोकांत मिसळणं नकोसं झालं, हसणं गेलं, चिडचिड आणि उदासी आली. बारीक व्हावं म्हणून ते उपाशी राहिले नव्हते. हे सगळं निव्वळ उपासमारीने घडवलं होतं. आणि पुन्हा पोटभर जेवण मिळायला लागल्यावरही मन लगेच ताळ्यावर आलं नाही, त्याला कित्येक महिने लागले.

म्हणून माझं तुम्हाला एकच सांगणं आहे : उपाशी मेंदूशी वाद घालू नका. तो तुमचा मुद्दा ऐकून घेण्याच्या स्थितीत नाही. ‘मी जाड आहे’ असं ती म्हणते तेव्हा ती खोटं बोलत नसते, तिला आरशात खरोखर तसंच दिसतं. ‘शाळेतून खाऊन आले’ हे खोटं असेलही, पण ते तिच्याकडून भीती वदवून घेते. आधी अन्न पोटात जायला हवं. मन मोकळं करणं, कारणं शोधणं, समुपदेशन हे त्याच्या जोडीने आणि त्यानंतर. ‘आधी ती मनाने तयार होऊ दे, मग खाईल’ या आशेवर घरं महिनोन्‌महिने थांबतात आणि तोवर आजार मुरतो.

आमचं काही चुकलं का, असं विचारलंत. नाही. एके काळी या आजाराचं खापर सर्रास आईवर फोडलं जायचं. तो समज आता मोडीत निघाला आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय संशोधनात अ‍ॅनोरेक्सियाशी संबंधित आठ जागा आपल्या जनुकांमध्ये सापडल्या, आणि त्यांचा संबंध मनाइतकाच चयापचयाशीही असल्याचं दिसलं. म्हणजे काही मुलांमध्ये मुळातच हा कल असतो. मग वयात येणं, एखादं डाएट, खेळात वजनावर दिलेला भर, वर्गातली टिंगल, यांतलं काहीही निमित्त होतं. दोन संस्कृतींमध्ये वाढण्याचा ताणही असतो : आपला बांधा, आपला रंग, आपलं नाव वर्गात वेगळं पडतं आणि शरीर तेवढं आपल्या हातात आहे असं वाटतं. वातावरणाचा परिणाम किती झपाट्याने होतो ते फिजीत दिसलं. तिथल्या नाद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही पोहोचला. हार्वर्डच्या अ‍ॅन बेकर यांनी त्याच वर्षी आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली. पहिल्या खेपेला वजनासाठी मुद्दाम उलटी करणारी एकही मुलगी नव्हती. तीन वर्षांनी ११.३ टक्के मुलींनी तसं करत असल्याचं सांगितलं. आज आपल्या मुलांच्या हातातच पडदा आहे.

शरीरावर काय परिणाम होतात ते तुम्हाला नीट माहीत असायला हवं, कारण डॉक्टरांसमोर तुम्हालाच ते ठासून सांगावं लागेल. उपासमारीत हृदयाचा स्नायूही झिजतो, नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो. जागेपणी नाडी मिनिटाला ५० च्या खाली असेल तर मामला गंभीर आहे. केस गळतात, अंगावर बारीक लव येते, हातपाय गार पडतात. पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, म्हणून चार घासांत ‘पोट भरलं’ असं ती म्हणते तेव्हा तिला खरंच तसं वाटतं. नियमित खाणं सुरू झालं की ही तक्रार हळूहळू कमी होते. मला सगळ्यात जास्त काळजी हाडांची वाटते. आयुष्यभर पुरायची हाडांची ताकद याच वयात साठते, आणि या वर्षांत झालेलं नुकसान पुढे पूर्ण भरून येईलच असं नाही. पाळी यावी म्हणून गर्भनिरोधक गोळ्या देऊन भागवू नका. गोळ्यांनी रक्तस्राव होतो, घरच्यांना हायसं वाटतं, पण हाडांची झीज त्याने थांबत नाही. मानसिक आजारांमध्ये सर्वाधिक मृत्युदर असलेल्यांत अ‍ॅनोरेक्सियाची गणना होते; काही मृत्यू हृदयामुळे होतात, काही आत्महत्येने.

इतर वाचकांसाठी दुसऱ्या विकारांबद्दलही लिहायला हवं, कारण सगळेच आजारी लोक बारीक दिसत नाहीत. बुलिमियात माणूस थोड्या वेळात खूप खातो, खाताना स्वतःवर ताबा राहत नाही, आणि मग उलटी, जुलाबाची औषधं, कडक उपास किंवा अतोनात व्यायाम करून ते ‘फेडतो’. वजन बहुधा नॉर्मल असतं, त्यामुळे वर्षानुवर्षं घरात कुणाला पत्ता लागत नाही. जेवण झाल्याझाल्या बाथरूममध्ये जाणं, गाल कानाजवळ सुजल्यासारखे दिसणं, बोटांच्या सांध्यांवर वण, दातांचं वरचं आवरण झिजणं, या खुणा. कित्येकदा पहिला संशय दातांच्या डॉक्टरांना येतो. खरा धोका रक्तातलं पोटॅशियम उतरण्याचा : त्याने हृदयाचे ठोके अचानक बिघडू शकतात, आणि बाहेरून काही दिसत नाही. उलटीनंतर लगेच ब्रश करू नये, नुसत्या पाण्याने चूळ भरावी, नाहीतर आम्लाने मऊ झालेलं आवरण ब्रशने आणखी घासलं जातं. ब्रिटनची राजकन्या डायना हिने १९९५ मध्ये टीव्हीवरच्या मुलाखतीत आपल्या बुलिमियाबद्दल उघडपणे सांगितलं होतं.

बिंज ईटिंगमध्ये खाण्यावरचा ताबा तसाच सुटतो, पण नंतर उलटी वगैरे नसते. उरते ती शरम. पुष्कळ लोक एकटे असताना, लपून खातात. मधुमेह, रक्तदाब, वाढतं वजन हे मागून येतं. याला खादाडपणा म्हणू नका आणि त्या माणसाला आणखी एक कडक डाएट देऊ नका, त्याने बिंज वाढतंच. २०१३ पासून अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत हा स्वतंत्र आजार आहे. त्याच यादीत अरफिड नावाचा विकारही तेव्हाच आला. त्यात वजनाची भीती अजिबात नसते. मूल विशिष्ट चव, वास किंवा स्पर्श सहन करू शकत नाही, किंवा घास अडकेल म्हणून घाबरतं, आणि त्यामुळे वाढ खुंटते. आणि मुलगे यातून सुटलेले नाहीत. त्यांचं वेड बहुधा स्नायूंचं असतं, म्हणून घरी ‘व्यायामाची आवड’ म्हणून कौतुक होतं.

स्वतःबद्दल शंका असलेल्या मोठ्यांसाठी पाच प्रश्न आहेत. १९९९ पासून ब्रिटनमधले डॉक्टर ते वापरतात. पोट नको इतकं भरलं म्हणून मुद्दाम उलटी करता का? किती खातो यावर ताबा राहिला नाही अशी काळजी वाटते का? गेल्या तीन महिन्यांत सहा किलोंहून जास्त वजन उतरलं का? लोक बारीक म्हणत असताना स्वतःला जाड समजता का? आयुष्यावर खाण्याचंच राज्य आहे असं म्हणाल का? दोन उत्तरं ‘हो’ असतील तर डॉक्टरांकडे जा.

ताई, परत तुमच्याकडे येते. डॉक्टरांकडे जाताना तारखांसकट एक कागद करून न्या : काय खाणं कधी बंद झालं, शेवटची पाळी कधी, चक्कर, व्यायाम, झोप. आडवं झोपवून आणि उभं करून नाडी-रक्तदाब, ईसीजी, पोटॅशियम, फॉस्फेट आणि मॅग्नेशियम तपासायला सांगा. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून आजार नाही असं होत नाही, आणि ‘वजन अजून तितकं कमी नाही’ हे उपचार नाकारायचं कारण नव्हे. इंग्रजी किंवा तिथली भाषा अडत असेल तर दुभाषा मागा. मुलीलाच भाषांतर करायला लावू नका. स्वतःच्या आजाराची बातमी तिने तुम्हाला तोलून-मापून सांगावी, हे तिच्यावर ओझं आहे आणि त्यात आजाराला लपायला जागा मिळते. बेशुद्ध पडणं, छातीत दुखणं, ठोके चुकणं, पाणीही नाकारणं, मरणाची भाषा, यांपैकी काहीही दिसलं तर थेट इमर्जन्सीत न्या. बरेच दिवस जवळजवळ काहीच खाल्लं नसेल तर अचानक भरपूर खाऊ घालणंही धोक्याचं असतं, कारण रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने उतरतं. तिथे सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवी.

तिच्या वयासाठी सगळ्यात जास्त पुरावा असलेला उपचार कुटुंबाधारित आहे. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात तो आकाराला आला. डॉक्टरांना फॅमिली बेस्ड ट्रीटमेंट असंच विचारा. त्यात काय, किती आणि कधी खायचं हे काही काळ आईवडील ठरवतात आणि मूल जेवताना शेजारी बसतात. वजन सावरलं की ताबा हळूहळू मुलीकडे परत जातो. बहुतेक ठिकाणी दिवसात तीन जेवणं आणि दोन-तीन वेळा मधलं खाणं असं वेळापत्रक देतात. ती रडेल, ओरडेल, ताट ढकलेल. तेव्हा भाषण नको. ‘मला माहीत आहे तुला भीती वाटते. मी इथेच आहे. पुढचा घास घे.’ एवढंच, शांतपणे, लागेल तितक्या वेळा. जेवणानंतर तासभर एकत्र बसा. कॅलरीचा विषय काढू नका, स्वतःच्या वजनाबद्दलही तिच्यासमोर बोलू नका. आणि तुम्ही व बाबा दोघांनी एकच बोलायचं. एकाने ‘संपव’ म्हणायचं आणि दुसऱ्याने ‘जाऊ दे गं आज’, तर आजार त्या फटीत घर करतो. खेळ आणि व्यायाम डॉक्टर सांगतील तोवर बंद, आणि शाळेला दुपारच्या जेवणाबद्दल लेखी कळवा.

भारतातल्या घरच्यांना आडवळणाने सांगू नका. ‘तिला खाण्याचा आजार झाला आहे, डॉक्टरांचे उपचार चालू आहेत, वेळ लागेल’ इतकं पुरे. त्याबरोबर एक विनंती स्पष्ट करा : व्हिडिओ कॉलवर तिच्या अंगाबद्दल कुणी काहीही म्हणायचं नाही. ‘किती वाळलीस!’ हे तर नकोच, पण दोन महिन्यांनी वजन वाढायला लागल्यावर कौतुकाने म्हटलेलं ‘आता तब्येत सुधारलेली दिसते’ हे त्याहून घातक. तिला त्यातून ‘जाड झालीस’ एवढंच ऐकू येतं आणि त्या रात्रीचं जेवण अडतं. आजीला वाईट वाटेल, तरी सांगा. बोलायला तिची चित्रं, मैत्रिणी, पुस्तकं आहेत. सुट्टीत भारतात जायचं असेल तर तिकीट काढण्याआधी उपचार करणाऱ्यांना विचारा; घडी बसायच्या आत खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागू शकते.

मदत मागायला संकोचू नका. ब्रिटनमध्ये बीट, ऑस्ट्रेलियात बटरफ्लाय, कॅनडात नेडिक या संस्था पालकांशीही बोलतात. आणि पहिल्या भेटीत डॉक्टर ‘थोडं थांबून बघू’ म्हणाले, तर पाळी बंद असल्याचं पुन्हा सांगा, आजच्या आज तज्ज्ञांकडे रेफरल मागा, आणि नाहीच म्हणाले तर त्याच आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.